पानिपतची ब्लँकेटं

गुरुग्राम,
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय इंद्रजितराव,

तुम्ही वर डोंगरात गेल्यापासून हे माझं पहिलं पत्र. यशोधन हसतो मला. "बाबा, मेसेज टाका ना, चलो, एका मिनिटाचं काम." त्याला सांगितलं, सुभेदारसाहेब आहेत तिथे मेसेज पोहोचत नाही, सैन्याच्या डाकेने कागदच जातो. रिटायर झाल्यावर मुलाच्या पंधराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून मला दुसरं काम तरी काय आहे? इथे गेटवर गार्ड रोज विचारतो, "किसके यहाँ जाना है?" मी म्हणतो, "भाई, अपने ही घर जाना है." त्याला पटत नाही.

तुम्ही जाताना सांगून गेलात, "आईकडे आणि पोरीकडे अधूनमधून बघा." गणपतीच्या मंडळात झालेली आपली ओळख, पण तुम्ही मला भावासारखं मानलंत, म्हणून मी आणि अरुणा दर दुसऱ्या रविवारी कँटोन्मेंटमध्ये तुमच्या क्वार्टरवर जातो. हौसाबाई ठणठणीत आहेत. गॅसवर केलेली भाकरी त्यांना अजून पसंत नाही, पण ते सोडा.

गोष्ट शिवांजलीची आहे. अरुणाची मैत्रीण नीरजा तिच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. बोलण्याचा एक तास असतो मंगळवारी. प्रत्येकाने उभं राहून इंग्रजीत बोलायचं, त्याचे मार्क. नीरजा म्हणाली, "तुमची ती साताऱ्याची मुलगी दिवाळीच्या आधीपासून मंगळवारी येतच नाही." मी हौसाबाईंना सहज विचारलं, मंगळवारी घरी असते का? त्या म्हणाल्या, "न्हाई बा, मंगळवारी तर सगळ्यात लवकर जाती. आन् संध्याकाळी गच्चीवर जाऊन फोनवर इंग्रजी बोलत बसती. हळू आवाजात."

आता सांगा. वर्गात बोलायचं तर गायब, आणि गच्चीवर मात्र इंग्रजी! अठरा-एकोणीसचं वय आहे, यार. मला तर वाटतं कोणी मुलगा असावा. तुम्ही रागावू नका. आई नसलेली मुलगी आहे, म्हणून कळवलं.

तुमचा,
अविनाश

०

सैनिक डाकघरामार्फत,
२५ नोव्हेंबर २०२४

अविनाशराव, रामराम.

तुमचं पत्र खच्चरांबरोबर काल वर आलं. जेवण झाल्यावर पुन्हा वाचलं.

मुलगा असेल असं तुम्ही लिहिलंत. तेवढंच असलं तर मी देवाला नारळ फोडीन. मला त्याहून वाईट भीती वाटते. ती कागदावर लिहावी की नाही, याचा दोन दिवस विचार केला. शेवटी लिहितो आहे.

आम्हाला पलटणीत दर महिन्याला समजावून सांगतात. अनोळखी माणसं जवानांच्या घरच्यांशी ओळख काढतात. फोनवर गोड बोलतात. आधी अभ्यासाचं, जेवणाखाण्याचं विचारतात. मग हळूच वडील कुठे आहेत, सुट्टीवर कधी येणार, तिकडे थंडी किती, असं विचारतात. बोलणारं माणूस बहुतेक वेळा मुलीच्या नावाने येतं. आमच्याच ओळखीच्या एका हवालदाराच्या घरी असं झालं. त्याचा काही दोष नव्हता, तरी तो माणूस पुन्हा ताठ उभा राहिला नाही.

शिवांजलीचं शिक्षण सगळं गावच्या मराठी शाळेत झालं. दिल्लीत आल्यावर तिला इंग्रजी जड जातं हे मला ठाऊक आहे. पण रविवारी मला फोनवर पाच मिनिटं मिळतात तेव्हा ती दोन-चार वाक्यं इंग्रजीत बोलते. मी स्पीकर लावतो. मागे रांगेत उभी असलेली पोरं ऐकतात आणि म्हणतात, "साहब की बेटी तो अफसर बनेगी." मग वर्गात न बोलण्याचं कारण काय? आणि लपून कोणाशी बोलते?

तुम्ही एवढं करा. ती कोणाशी बोलते, ते माणूस कुठलं आहे आणि बोलण्यात माझा विषय निघतो का, हे बघा. तिला काही विचारू नका. आईलाही सांगू नका, तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. मी फोनवर काही विचारणार नाही, तिथे सगळे कान असतात.

माझी शंका खरी निघाली तर मला ती साहेबांना सांगावी लागेल. मुलगी माझी आहे म्हणून गप्प बसता येणार नाही.

इथे आमचं सर्वधर्मस्थळ म्हणजे पत्र्याची एक खोली आहे. एका फळीवर सगळे देव आहेत. संध्याकाळी तिथे दिवा लावताना तुमच्या घरासाठीही मागतो.

आपला,
इंद्रजित

०

गुरुग्राम,
११ डिसेंबर २०२४

प्रिय इंद्रजितराव,

तुमचं पत्र मिळालं. अरुणाला दाखवलं नाही. तिला म्हटलं, जुन्या ऑफिसात पेन्शनचं काम आहे, आणि काल मंगळवारी सकाळीच कँटोन्मेंटला गेलो. दिल्लीत सध्या धुरामुळे निम्मं शहर तोंड झाकून फिरतं, त्यामुळे मास्क आणि माकडटोपी घातलेल्या म्हाताऱ्याकडे कोणी बघत नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर माझा वेश बिल्कुल चोख होता.

शिवांजली मेट्रोने निघाली. मी मागच्या डब्यात. कॉलेजच्या स्टेशनला ती उतरली, पण कॉलेजकडे वळलीच नाही. टेकडीचा रस्ता धरून सरळ हिंदूरावला गेली. तिथलं मोठं हॉस्पिटल तुम्हाला माहीत आहेच. मला वाटलं, कोणी आजारी आहे का? पण ती ओपीडीच्या बाहेर, जिथे शेकडो माणसं नंबरची वाट बघत असतात, तिथल्या एका बाकावर बसली. कानात तार घातली आणि बोलू लागली. मी मागच्या बाकावर तोंड फिरवून बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, "अंकल, आपको क्या हुआ है?" मी म्हटलं, "घुटना." तिने मला तेलाचं नाव सांगितलं.

आता नीट वाचा. मला फक्त शिवांजलीचं बोलणं ऐकू येत होतं, समोरचं नाही. आणि ती काय सुंदर बोलत होती, इंद्रजितराव! अडखळत होती, चुकत होती, पण थांबत नव्हती. ती इंग्रजीत म्हणाली, माझे वडील पानिपतला आहेत. मग म्हणाली, या महिन्यात दोनशे ब्लँकेटं तयार झाली. मग समोरच्याने काहीतरी विचारलं, त्यावर म्हणाली, सगळी राखाडी आहेत, बरीचशी उत्तरेकडे जातील, कारण तिकडे बर्फ पडलाय. नंतर म्हणाली, पुढच्या महिन्यात आणखी शंभर. आणि हसली.

तुम्ही पानिपतला नाही. तुमचा ब्लँकेटांशी काय संबंध? मग ही दोनशे काय आहेत? उत्तरेला काय चाललंय? मी काही जासूस नाही, पण सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं फायली वाचल्या आहेत. सरळ गोष्ट अशी वाकड्या शब्दांत कोणी सांगत नाही.

बोलणं संपल्यावर ती डोळे पुसत बसली होती. का, ते कळलं नाही. नंतर मी नुकताच आलोय असं दाखवून समोर गेलो. "अरे शिवा, तू इथे?" ती एवढी दचकली की फोन खाली पडला. मीच उचलून दिला. पडद्यावर नाव होतं, दिलनोझा. बाजूला उझबेकिस्तानचं निशाण. परदेशी!

नाव मुलीचं आहे. पण तुम्हीच लिहिलं होतं, ते मुलीच्या नावाने येतात म्हणून.

मला तिने विचारलं, "काका, तुम्ही इथे कसे?" मी म्हटलं, "घुटना." आम्ही दोघंही खोटं बोलत होतो आणि दोघांनाही ते माहीत होतं.

काय करायचं ते लवकर कळवा.

तुमचा,
अविनाश

०

सैनिक डाकघरामार्फत,
२३ डिसेंबर २०२४

अविनाशराव,

इथे बर्फाने तार तुटली आहे, फोन बंद आहे. एका परीने बरंच झालं. रविवारी तिचा आवाज ऐकून माझ्याने हे झालं नसतं.

दोनशे, शंभर, राखाडी, उत्तर, बर्फ. हे शब्द मी मनात मांडून बघितले. आम्ही संख्या सांगताना अशीच दुसऱ्या वस्तूंची नावं वापरतो. तिला हे कोणी शिकवलं? मी घरी कधी बोललो नाही. मग समोरच्याने शिकवलं असणार. आणि मी कुठे आहे ते झाकायला पानिपत सांगायचं, हेही त्यानेच सुचवलं असेल. तिला कळतही नसेल की ती काय देते आहे. पण कळलं नाही म्हणून दिलेली गोष्ट परत येत नाही.

संध्याकाळी दिव्यापाशी बसलो. देवाला विचारलं, देव काही बोलला नाही. मग नियमाला विचारलं. नियमाने लगेच उत्तर दिलं.

गुरुवारी साहेब वर येणार आहेत. मी त्यांना सगळं सांगणार आहे. तुमचं नाव येईल, त्याची माफी आधीच मागतो.

तुम्ही हे पत्र मिळताच क्वार्टरवर जा आणि तिचा फोन ताब्यात घ्या. बंद करून तुमच्याकडे ठेवा, काही उघडू नका, पुसू नका. तिला सांगा, बाबांचा हुकूम आहे. एवढंच सांगा. फेब्रुवारीत गावच्या गाडीचं रिझर्व्हेशन करा, आईचं आणि तिचं. गावी चुलत्यांना, तात्यासाहेबांना, मी कळवतो, ते स्टेशनवर येतील. कॉलेज आता पुरे झालं. आमच्या घरातली पहिली मुलगी एवढी शिकत होती. वाईट वाटतं, पण पुरे.

चौकशी होईल. क्वार्टर सोडावं लागेल असं वाटतं. माझं जे व्हायचं ते होईल.

इंद्रजित

०

दिल्ली कँटोन्मेंट,
४ जानेवारी २०२५

बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. शाळेत मामाला लिहिलेलं पत्र सोडलं तर हे पहिलंच.

काल अविनाशकाका आले. हातात तुमचं पत्र होतं, पण दाखवलं नाही. म्हणाले, "बाबांचा हुकूम आहे, फोन दे." मी दिला. त्यांनी विचारलं, "तुला काही सांगायचं आहे का?" मी काहीच बोलले नाही. त्यांनी मान हलवली, जणू माझी चोरी पकडली गेली. आजी रडायला लागली. मग ते म्हणाले, "ब्लँकेटांचं काय आहे ते तरी सांग." तेव्हा कुठे मला कळलं, तुम्हाला काय वाटलंय ते. तरी बोलता आलं नाही. बाबा, मला वाटायचं माझा घसा फक्त इंग्रजीत बंद होतो. काल मराठीतही झाला.

म्हणून लिहिते. सगळं लिहिते.

मंगळवारच्या तासाला मॅडम एकेकाला उभं करतात. वर्गात बरीच मुलं दिल्ली-गुरुग्रामच्या मोठ्या शाळांतली आहेत. पहिल्याच तासाला मी "माय नेम इज" म्हणाले आणि पुढे नाव आठवेना. माझंच नाव! देविका म्हणाली, "सो क्यूट यार, बोल ना." चिराग म्हणाला, "मॅम, नेक्स्ट!" ते वाईट नाहीत, नंतर कँटीनमध्ये समोसाही दिला. पण त्या दिवसापासून सोमवारी रात्रीच पोटात दुखायला लागायचं. मी जाणं बंद केलं. तुम्हाला सांगणार कसं? दर रविवारी तुम्ही म्हणायचात, "हां बेटा, इंग्लिश में बोल," आणि स्पीकर लावायचात. मागे लोक हसल्याचा आवाज यायचा. तुम्हाला ते कौतुक वाटायचं. मी शनिवारपासून ती चार वाक्यं पाठ करायचे. तीच चार वाक्यं, बाबा. तुमच्या कधी लक्षात आलं नाही.

मग फोनवर एक ॲप मिळालं. त्यात अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलता येतं, चेहरा दिसत नाही. दिलनोझा समरकंदला कॉलेजात आहे. तिलाही वर्गात बोलता येत नाही. एकदा ती परीक्षेत उभी राहिली आणि तिला उलटी झाली. आम्ही दोघीही चुकतो, त्यामुळे कोणी हसत नाही.

तिने पहिल्याच दिवशी विचारलं, तुझे वडील काय करतात? लहानपणापासून तुम्ही शिकवलंय की बाबा कुठे आहेत कोणी विचारलं तर 'नोकरीवर' एवढंच सांगायचं. पण 'नोकरीवर' म्हटलं की बोलणं थांबतं. कॉलेजच्या सहलीत आम्ही पानिपतला गेलो होतो, तिथे ब्लँकेटांचा कारखाना बघितला होता. मी सांगून टाकलं, माझे वडील पानिपतला ब्लँकेटं विणतात. मग ती विचारत गेली आणि मी रचत गेले. महिन्यात किती, रंग कुठला, कुठे विकतात. आणि काय झालं माहीत आहे? मला भीतीच वाटेना. खरं सांगायचं असलं की एकेक शब्द जड होतो. जो माणूस नाहीच त्याच्याबद्दल कितीही बोलता येतं. माझं सगळं इंग्रजी त्या माणसावर शिकून झालं. तो फार कमी बोलतो. दुपारी डबा खाताना रेडिओ ऐकतो. मला तो आवडायला लागला होता.

हिंदूरावला जायचे, कारण हॉस्पिटलच्या बाहेर कोणी कोणाकडे बघत नाही. एकटं बोललं, रडलं तरी लोकांना वाटतं, हिच्या घरी कोणीतरी आजारी असेल. त्या दिवशी रडले ते यासाठी की ती म्हणाली, "तुझे वडील चांगले आहेत, तू मला सगळं खरं सांगतेस."

तुमचं नाव, पलटण, जागा, यातला एक शब्द मी तिला सांगितलेला नाही. देवाशप्पथ. उलट मी तुम्हाला लपवत होते, आणि तुम्हाला वाटलं मी तुम्हाला विकते आहे.

तोंडी परीक्षा २९ जानेवारीला आहे. विषय आहे, घरातलं एक माणूस. नापास झाले तर तुम्हाला मला गावी पाठवायला अजून एक कारण मिळेल.

शिवांजली

०

सैनिक डाकघरामार्फत,
१९ जानेवारी २०२५

चि. शिवांजली,

तुझं पत्र हातात पडायच्या आधी मी साहेबांना सांगून बसलो होतो. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

साहेबांनी मला खाली तळावर पाठवलं. चौकशीला दुसऱ्या ऑफिसातले एक अधिकारी आले होते. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, बोलायला सभ्य. त्यांनी इंग्रजीतच विचारायला सुरुवात केली. मला इंग्रजी कळतं. सव्वीस वर्षं हुकूम त्याच भाषेत ऐकले आहेत. त्यांनी विचारलं, मुलीने हे पानिपत का सांगितलं असेल? तुम्हाला कधीपासून माहीत होतं? आधी का कळवलं नाही? उत्तरं माझ्या डोक्यात होती. तोंड उघडलं आणि एक शब्द आला नाही. त्यांनी पाणी दिलं. पुन्हा विचारलं. मी पुन्हा गप्प. मग त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मी काहीतरी दडवतो आहे, असं त्यांना वाटलं.

त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. मला वाटलंच होतं, तुझ्याबद्दल.

बाहेर आलो तेव्हा डाक आली होती. तुझं पत्र भिंतीला टेकून उभ्याउभ्याच वाचलं. नंतर बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या अधिकाऱ्यांना म्हणालो, "साहब, हिंदी में बोलने की इजाज़त चाहिए." ते म्हणाले, "अरे सुभेदार साहब, पहले बोलते ना!" मग सगळं बोललो. तुझं पत्र वाचून दाखवलं, मराठीतून हिंदी करत. ब्लँकेटांचा माणूस रेडिओ ऐकतो तिथे त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "ये वाला फिर से पढ़िए." हसले नाहीत, पण ऐकत होते. तुझा फोन दिल्लीत तपासला गेला. तू जे लिहिलंस तेच त्यात निघालं.

तरी एक अट आहे, आणि ती योग्य आहे. परदेशी माणसाशी हा संबंध तुला बंद करावा लागेल. साहेबांनी एवढी सवलत दिली की शेवटचा एक निरोप पाठवता येईल, अविनाशकाकांच्या समोर. मग ॲप काढून टाकायचं. मला ठाऊक आहे, तुझी एकच मैत्रीण मी काढून घेतो आहे. त्या मुलीवर माझा विश्वास नाही. तो बसायचं काही कारण माझ्याजवळ नाही. पण तू तिच्याशी बोललीस म्हणून तुझ्यावरचा उडाला होता, ते चूक होतं.

गावची गाडी रद्द करायला अविनाशरावांना लिहिलं आहे. परीक्षेला जा. पास हो, नापास हो, कॉलेज चालू राहील.

आणि तीच चार वाक्यं होती, हे खरंच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तुझा बाबा

०

दिल्ली कँटोन्मेंट,
९ फेब्रुवारी २०२५

बाबा,

परीक्षा झाली. आधी तेच सांगते.

माझं नाव आलं तेव्हा उठून पुढे गेले. समोर नीरजा मॅडम आणि बाहेरच्या एक बाई होत्या. मनात ठरवून गेले होते की पानिपतच्या माणसाबद्दल बोलायचं. तो मला तोंडपाठ आहे. चांगले मार्क मिळाले असते. पण उभी राहिले आणि तो आठवेचना. तुम्ही आठवलात, पाणी समोर ठेवून गप्प बसलेले. मी बराच वेळ गप्प उभी होते. चिरागने 'नेक्स्ट' म्हणायला तोंड उघडलं असेल, मी बघितलं नाही. बाहेरच्या बाई पेन घेऊन लिहायला लागल्या, तेव्हा मी इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, मी थांबले आहे, पण माझं संपलेलं नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग बोलले. वाकडंतिकडं. माझे वडील लांब राहतात. ते रोज दिवा लावतात. त्यांना मी इंग्रजीत बोललेलं आवडतं आणि मला त्याची भीती वाटते. कुठे राहतात, काय करतात, ते सांगितलं नाही. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "नोकरीवर आहेत." काठावर पास झाले. देविका बाहेर आल्यावर म्हणाली, "यार, तू तो सीरियस निकली." ते कौतुक होतं की नाही, अजून कळलं नाही.

आता दुसरं. हे तुम्ही बसून वाचा.

काल अविनाशकाका फोन घेऊन आले. चहा झाल्यावर आजी म्हणाली, "उघडा आता त्ये भूत." दिलनोझाचे बरेच निरोप साठले होते. तू कुठे आहेस, तुझे वडील बरे आहेत ना, कारखाना बंद पडला का. एकात लिहिलं होतं, माझ्या आजीसाठी एक राखाडी ब्लँकेट घ्यायचं आहे, पत्ता पाठवशील का? काका लगेच म्हणाले, "बघ! पत्ता मागतेय!" आजी म्हणाली, "आवो, ब्लँकेट पाठवायला पत्ताच लागतो की." काकांना ते पटलं नाही.

मी एकच निरोप लिहिला. माझे वडील ब्लँकेटं विणत नाहीत. ते काय करतात ते मी सांगू शकत नाही. मी तुझ्याशी खोटं बोलले. बाकी सगळं, भीती वगैरे, खरं होतं. आता मला बोलता येणार नाही, रागावू नकोस.

काका ॲप काढायला बोट पुढे करत होते, तेवढ्यात उत्तर आलं. तिने लिहिलं होतं, "मी रागावले नाही. माझे वडीलही शाळामास्तर नाहीत. तेही सांगता येण्यासारखं नाही. तुझं इंग्रजी आता चांगलं आहे."

काकांनी बोट मागे घेतलं. आजीला मी मराठीतून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे तिचा बाप बी..." आणि पुढे बोललीच नाही. मग काकांनी ॲप काढून टाकलं. जाताना दारात मला म्हणाले, "हे उत्तराचं बाबांना लिहू नकोस. तुला फक्त निरोप पाठवायला सांगितलं होतं, उत्तर वाचायला नाही. प्रकरण बंद झालंय, पुन्हा कशाला उघडायचं? कोणाला कळणार आहे?"

कोणालाच कळलं नसतं. तिचे वडील कोण आहेत ते मला माहीत नाही. ती कोण आहे तेही आता नीट माहीत नाही. कदाचित तुमची भीती खरी असेल. कदाचित ती माझ्यासारखीच कोणाची तरी मुलगी असेल, जिला लहानपणी तेच शिकवलंय.

तुम्ही हे साहेबांना सांगितलंत तर पुन्हा सगळं सुरू होईल. ते तुम्ही ठरवा. मी तुम्हाला सांगितलं.

शिवांजली

०

सैनिक डाकघरामार्फत,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. शिवांजली,

तुझं पत्र घेऊन मी आज साहेबांकडे गेलो. अविनाशरावांना सांग, मी रागावलेलो नाही. ते बरं व्हावं म्हणूनच बोलले.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. विचारलं, "ये आपको किसने बताया?" म्हणालो, "बेटी ने, साहब. खुद लिखा है." त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं, वडील शाळामास्तर नाहीत ते. आता त्या ऑफिसला पुन्हा कळवावं लागेल. कदाचित तुला बोलावून विचारतील. विचारलं तर मराठीत, हिंदीत, जमेल तसं सांग. वेळ लागला तर लागू दे. मी लिहून दिलं आहे की ही मुलगी उशिरा बोलते, तिला थांबून ऐकावं.

उठताना साहेबांनी विचारलं, "सुभेदार साहब, सच बताइए, शक है?"

मी म्हणालो, "है, साहब. उस लड़की पर है. अपनी पर नहीं."

आपली बदली होईपर्यंत क्वार्टर सोडावं लागणार नाही, एवढं त्यांनी मला सांगितलं आहे. आजीला सांग, म्हणजे ती भांडी बांधायची थांबेल.

तार जोडली आहे. या रविवारी फोन लागेल. मागे पोरं असतील, त्यांना मी जरा लांब उभं करीन. स्पीकर लावणार नाही. बोलावंसं वाटलं तर बोल. नाही वाटलं तरी फोन ठेवू नकोस. मी पाचही मिनिटं धरून राहीन.

तुझा बाबा